नायिका मध्येच गेली तर थांबू नका

देवगडच्या ताई, तुमच्या मालवणी वेबमालिकेची नायिका अर्ध्यात सोडून गेली आणि आता 'ती मुंबईक गेली' म्हणत चार भाग काढावेत की सरळ दुसरी मुलगी घ्यावी, हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. सावंतवाडीकडच्या एका वाड्यात शूटिंग चालायचं त्या मालिकेचं रोजचं शेड्यूल मी बघायचो. आमच्यावर अगदी हेच आलं होतं.

कराराचं मला फारसं कळत नाही, ते वकिलाला विचारा. बाकी माझं मत ठाम आहे: दुसरी मुलगी घ्या, आणि लगेच घ्या.

आम्हाला अडवलं ते वरच्या ऑफिसने. नाव घेत नाही. नायिकेने वेळेत कळवलं होतं, हातात एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, होती, नवी मुलगीसुद्धा बघून ठेवलेली. ऑफिसचं उत्तर एकच, 'बोलणी चालू आहेत, तोवर ओढा.' मग फोनवरचे सीन, पाठमोरी डमी, तुळशीपाशी नुसता पदर. बँक संपली तेव्हा संध्याकाळी निरोप आला की उद्यापासून नवी मुलगी. तिच्या प्रवेशाचा धड एक सीनही लिहिलेला नव्हता. माजघरातल्या लग्नाच्या फोटोत जुनी नायिका हसतेय आणि त्याच फोटोखाली नवी उभी, असं टीव्हीवर गेलं. लोकांनी राग काढला तो त्या मुलीवर. पुढे मालिका गुंडाळली, रोजंदारीवरची गावातली पोरं घरी बसली. मला त्याचा अजून संताप येतो.

चेहरा बदलला म्हणून मालिका बुडतेच असं नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'त २०१८ मध्ये रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर शनाया झाली, २०२० मध्ये रसिका परत आली, आणि मालिका २०२१ पर्यंत चालली. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर तर तिघांनी केला. तुलना होणारच. 'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकरनंतर शेवंता करणाऱ्या कृतिका तुळसकरच्या वाट्याला ती आलीच. ती सोसायची तयारी ठेवा.

अपघात आणि प्लास्टिक सर्जरी मात्र नको, हात जोडतो. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेने १९६६ मध्ये मुख्य भूमिकेत हार्टनेल या नटाच्या जागी ट्राउटन आणताना रूप बदलणं हा त्या पात्राचाच गुण करून टाकला, पण तो डॉक्टर परग्रहावरचा. तुमची नायिका देवगडची सून. भागाच्या सुरुवातीला साधी पट्टी द्या की यापुढे ही भूमिका अमुक करतील. पहिला सीन सासूबरोबर ठेवा, आणि सासूने जुन्याच नावाने हाक मारून कालचंच भांडण पुढे न्यावं. सासू करणारी बाई दशावतार, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य, बघत मोठी झालेली असेल तर तिला थोडं मोकळं सोडा. तिथे लिहिलेले संवाद नसतात, समोर उभा असेल त्याला धरून आख्यान पुढे न्यायचं असतं, ते तिच्या कानात असणार.

आणि नव्या मुलीचा लग्नाचा फोटो आधी काढून घ्या. ब्लाउज नव्या मापाचे शिवून घ्या, जुने उसवून घालू नका, क्लोजअपमध्ये शिवण दिसते. अंगणातले सीन पावसाच्या आधी उरका, एकदा चिऱ्यावर शेवाळ धरलं की आधीच्या भागांशी काही जुळत नाही. सासूचा सीन लिहून झाला की इथे टाका, वाचून सांगतो.