पुढच्या चाकांचा हिशेब

तुझं पत्र वाचलं. कोल्हापुरात कार्टिंगचे दोन हंगाम झाले, आता टूरिंग कारमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाडीत, उतरायचं म्हणतोस. उतर. पण कार्टने अंगात मुरवलेल्या काही सवयी आधी मोडाव्या लागतील.

कार्टला इंजिन मागून ढकलतं. टूरिंग कार बहुतेक पुढून ओढणारी. टीसीआर या टूरिंग कार वर्गातल्या गाडीचंच बघ: दोन लिटरचं टर्बो इंजिन, साडेतीनशेच्या घरात हॉर्सपॉवर, सिक्वेन्शियल, म्हणजे एकेक गिअर क्रमानेच पडणारा, गिअरबॉक्स असेल तर ड्रायव्हरसकट किमान वजन १२६५ किलो. ही सगळी ताकद पुढच्या दोन टायरांतून रस्त्याला लागते. वर वळवायचं काम त्यांचंच आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. टायरची पकड मोजकी असते. ती वळण्यात उधळलीस, तर वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटरला काही उरत नाही.

म्हणून ब्रेक सरळ रेषेत जोरात दाब आणि वळणात शिरताना हळूहळू सोड. झटक्यात सोडलास तर नाक उचलतं, पुढचा भार जातो आणि गाडी बाहेर ढकलली जाते. नवखा ड्रायव्हर अशा वेळी स्टिअरिंग आणखी पिळतो. गाडी त्याने वळत नाही, फक्त टायर घासून तापतो. स्टिअरिंग जरा सरळ कर, अॅक्सिलरेटर थोडा कमी कर, पकड परत येईल. मात्र वळणाच्या मध्यावर पाय एकदम काढायचा नाही. मागची बाजू हलकी होते आणि गाडी गर्रकन फिरते.

हा धोका पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सर्वांत मोठा. पुढचे टायर खेच आणि ब्रेकने लवकर तापतात, मागचे नुसते फरफटत येतात, म्हणून गारच राहतात. पुढची पकड आली म्हणून वेग वाढवायचा आणि मागून मार खायचा, ही ठरलेली चूक. मागचं सुटलंच तर स्टिअरिंग वळणाच्या उलट्या बाजूला दे आणि अॅक्सिलरेटर दाबून ठेव. भीतीने पाय उचलला जातोच, म्हणून याचा सराव टेस्टच्या दिवशीच करून ठेव.

आता हवेचा दाब. ३० अंशांना २४ पीएसआय भरलेला टायर आतली हवा ८० अंशांवर गेली की तिसाच्या थोडा वर जातो. शर्यत गरम दाबावर चालते, भरायचा मात्र गार. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटर ट्रॅकवर सकाळची पात्रता फेरी आणि दुपारची शर्यत यांचा गार दाब म्हणूनच वेगळा ठेवावा लागतो. तिथे एक गंमतही होते: गाडीच्या एका बाजूला ऊन लागतं, त्या बाजूचा दाब जास्त दिसतो, कुणीतरी हवा सोडतं आणि शर्यतीत तीच बाजू कमी भरते. टायर सावलीतच मोजायचे.

गाडी पिटमध्ये आली की लगेच सुईच्या तापमापकाने टायर आत, मधे आणि बाहेर तपासून घे. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर कमी. पुढच्या टायरची फक्त बाहेरची कड पेटली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा कल, कमी पडतोय, नाहीतर तू स्टिअरिंग पिळतोयस. इंजिनिअरला बोलावण्याआधी दुसरी शक्यता तपास.

ब्रेकचं पेडल लांब जाऊ लागलं तर ब्रेक ऑइल उकळलंय. डॉट ४ प्रकारचं हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून प्रत्येक शर्यतीआधी नवं. पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड जळालेत. धडक बसल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहिलं तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला जोडणारा दांडा, वाकलाय. रेडिओवर सांग, नाहीतर काही फेऱ्यांत टायर संपेल.

संघातली पुढची जागा इंजिनिअरशी होणाऱ्या अशा बोलण्यावरच मिळते. ‘गाडी नीट नाही’ हे ऐकून इंजिनिअर काय करणार? शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, कुठल्या वळणावर, कितव्या फेरीपासून, ते सांग. आणि एका वेळी एकच बदल माग. सगळ्यांना एकसारखी गाडी मिळणारी वन-मेक मालिका या शिक्षणाला सर्वांत बरी. आपल्याकडे २०१० मध्ये सुरू झालेला फोक्सवॅगनचा पोलो कप तसाच होता. आपला ड्रायव्हर आदित्य पटेल जर्मनीतल्या फोक्सवॅगनच्याच सिरोको आर-कपमधून पुढे ऑडी आर८ एलएमएस कपमध्ये गेला, म्हणजे एकाच उद्योगसमूहाच्या पायऱ्या.

एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचं, लायसन्स काढ. मोटरसायकलचं हेल्मेट चालणार नाही, त्यात आगीची चाचणी नसते. स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९-२०१५ असा हेल्मेटच्या चाचणीचा शिक्का बघ, आणि धडकेत डोकं-मान सांभाळणारं हान्स अडकवायचे खुंट बसतात का तेही. सूटच्या आत पॉलिएस्टरची बनियन नको, ती वितळून कातडीला चिकटते.

आणि दाबमापक स्वतःचा घे. दोन मापकांत एक पीएसआयचा फरक सहज निघतो, म्हणून हंगामभर एकच वापर आणि वहीत त्याचाच आकडा लिही.