क्रीडाविज्ञानाची पदवी: मैदान किती आणि प्रयोगशाळा किती

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेचे शेवटचे वर्ष संपत आले आहे, खेळाची आणि जीवशास्त्राची आवड आहे, गणित व भौतिकशास्त्र मात्र नकोसे वाटते, अशा वेळी व्यायाम व क्रीडाविज्ञानाच्या पदवीला प्रवेश घ्यावा का, तिथे प्रत्यक्ष खेळायला किती मिळते आणि ती पूर्ण झाल्यावर फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येते का. मी हीच पदवी घेतली, पुढे काही वर्षे खेळाडूंच्या चाचण्या घेणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आणि आता पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याविषयीचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. क्रीडाविज्ञानाच्या पदवीवर फिजिओथेरपिस्ट होता येत नाही. फिजिओथेरपी हा बहुतेक ठिकाणी नोंदणी आवश्यक असलेला व्यवसाय आहे. त्यासाठी स्वतंत्र मान्यताप्राप्त पदवी आणि रुग्णांसोबत देखरेखीखाली केलेले काम लागते. आहारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांच्या बाबतीतही अनेक देशांत तसेच आहे. आमच्या अभ्यासक्रमात तुम्ही गुडघ्याचे अस्थिबंध शिकाल, दुखापतीनंतर स्नायूंची ताकद किती परत आली हे मोजायलाही शिकाल, परंतु दुखापतीचे निदान करण्याचा किंवा उपचार ठरवण्याचा अधिकार या पदवीने मिळत नाही. काही देशांत ही पदवी घेऊन फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाता येते, पण तो लांबचा रस्ता आहे आणि तिथल्या जागांसाठी स्पर्धाही असते. मनात फिजिओथेरपीच असेल तर थेट तिलाच अर्ज करावा.

खेळायला किती मिळते, तर वेळापत्रकात फारच थोडे. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत खेळांची कौशल्ये आणि ती शिकवण्याच्या पद्धती यांना मोठे स्थान असते. क्रीडाविज्ञानात खेळणारे शरीर हा अभ्यासाचा विषय असतो. हा फरक तसा जुना नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील फ्रँकलिन हेन्री यांनी १९६४ मध्ये, शारीरिक शिक्षण ही स्वतःचे ज्ञानक्षेत्र असलेली विद्याशाखा आहे, केवळ शिक्षक घडवण्याची सोय नव्हे, असे मांडले आणि पुढच्या दशकांत अनेक विभागांनी आपला अभ्यासक्रम आणि नावही बदलले. त्यामुळे आज हाच विषय कुठे क्रीडाविज्ञान, कुठे मानवी हालचालींचे विज्ञान, तर कुठे किनेसिऑलॉजी या नावाने शिकवला जातो आणि एकाच नावाच्या दोन पदव्यांत बराच फरक असू शकतो. माहितीपत्रकावरचे धावपटूचे छायाचित्र बाजूला ठेवून विषयांची यादी वाचावी, एवढेच मी सांगेन.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या पदवीचा कणा मोजमाप आहे. माणसाच्या शरीरातून मिळालेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तीन-चार वर्षांत तुम्ही शिकता, आणि गणित व भौतिकशास्त्र यांचा प्रश्न इथेच येतो.

व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राचा फार मोठा भाग कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमतेभोवती, म्हणजे प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीतील व्हीओटू मॅक्सभोवती फिरतो: शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ते हे माप. ही कल्पना रुजवणारे आर्चिबाल्ड हिल केंब्रिजला आधी गणित शिकले आणि मग स्नायूंकडे वळले. स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील कामासाठी त्यांना १९२२चे नोबेल पारितोषिक ऑटो मायरहोफ यांच्याबरोबर विभागून मिळाले. त्याच दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावणाऱ्या माणसांचा, ज्यांत स्वतः हिलही होते, उच्छ्वास पिशवीत गोळा करून मोजला आणि वेग वाढत गेला तरी ऑक्सिजनचे ग्रहण एका मर्यादेपुढे वाढत नाही असे दाखवले. आज पिशवीची जागा बहुतांशी विश्लेषकयंत्राने घेतली असली, तरी हिशेब बदललेला नाही.

त्या हिशेबाचा एक नमुना देतो, म्हणजे किती गणित लागते याचा अंदाज येईल. शरीर दर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन वापरते, तो हृदयाने मिनिटाला फेकलेले रक्त आणि धमनीतील व शिरेतील रक्ताच्या ऑक्सिजनमधील फरक यांच्या गुणाकाराएवढा असतो. हे तत्त्व अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडले. जोराच्या व्यायामात हृदय मिनिटाला २० लिटर रक्त फेकत असेल आणि प्रत्येक लिटरमागे स्नायू वगैरे मिळून १५० मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेत असतील, तर वापर ३ लिटर होतो, आणि व्यक्तीचे वजन ७० किलो असेल तर तो दर किलोला मिनिटाला सुमारे ४३ मिलिलिटर भरतो. गुणाकार आणि भागाकार याखेरीज इथे काहीही नाही. अवघड भाग पुढे असतो. परीक्षेत विचारले जाते की हिमोग्लोबिन कमी असलेल्या खेळाडूच्या बाबतीत या समीकरणातील कोणते पद बदलेल, उंच प्रदेशात गेल्यावर कोणते बदलेल, आणि सरावाने कमाल हृदयगती फारशी बदलत नसताना हृदयाने फेकलेल्या रक्ताचे प्रमाण वाढते ते कशामुळे. ज्याने समीकरण नुसते पाठ केले आहे तो इथे अडतो आणि ज्याला शरीर समजले आहे तो, गणितात कच्चा असला तरी, सुटतो. तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच घाबरवत नाही.

भौतिकशास्त्राचे तसेच आहे. बायोमेकॅनिक्समध्ये, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या यांत्रिकीत, उभ्या उडीची उंची हवेत घालवलेल्या वेळेवरून काढतात: गुरुत्वत्वरणाला त्या वेळेच्या वर्गाने गुणून ८ने भागायचे. खेळाडू अर्धा सेकंद हवेत राहिला तर उंची सुमारे ३१ सेंटिमीटर येते. परंतु तोच खेळाडू गुडघे दुमडून उतरला तर पाय जमिनीला उशिरा टेकतात, आणि वेळ ०.५५ सेकंद नोंदवला गेला की उंची एकदम सुमारे ३७ सेंटिमीटर दिसते. सहा आठवड्यांच्या सरावातून जेवढी वाढ झाली म्हणून एखादा प्रशिक्षक आनंदेल, तेवढी इथे केवळ उतरण्याच्या पद्धतीतून मिळाली. सूत्र शाळेतलेच आहे. उडी मारताना आणि उतरताना शरीराची ठेवण सारखीच आहे असे ते गृहीत धरते, हे लक्षात ठेवणे हा खरा अभ्यास.

विद्यार्थी सर्वांत जास्त संख्याशास्त्राला कंटाळतात आणि माझ्या मते पुढे सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. २२० वजा वय हे कमाल हृदयगतीचे सूत्र तुम्ही व्यायामशाळेच्या भिंतीवर पाहिले असेल. चाळीस वर्षांच्या व्यक्तीसाठी ते १८० सांगते, पण त्याच वयाच्या निरोगी लोकांची प्रत्यक्ष कमाल गती या आकड्याच्या दोन्ही बाजूंना १० ते १२ ठोक्यांनी सहज पसरलेली असते आणि काहींची त्याहूनही दूर असते. सरासरीसाठी ठीक असलेला आकडा समोरच्या एका माणसासाठी चुकीचा ठरू शकतो, हे एकदा पटले की जाहिरातींतील निम्मे दावे आपोआप गळून पडतात. दुसरे उदाहरण असे की संघातील सर्वांत कमी गुण मिळालेले पाच खेळाडू निवडून त्यांना खास सराव दिला, तर पुढच्या चाचणीत त्यांचे गुण सरासरी काहीसे वाढतातच, कारण पहिल्या दिवशीच्या त्यांच्या खराब आकड्यात त्या दिवसाच्या योगायोगाचाही वाटा असतो. तुलनेसाठी सराव न दिलेला गट नसेल, तर त्या वाढीचे श्रेय सरावाला देता येत नाही.

प्रयोगाची चांगली रचना कशी असते याचे मला आवडणारे उदाहरण स्वीडनमधील आहे. योनास बेर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वतःच एकाच सायकलवर प्रत्येकी एकच पाय चालवला आणि पुढचे दिवस पिष्टमय आहार घेऊन दोन्ही पायांतील स्नायूंचे बारीक तुकडे सुईने काढून तपासले. व्यायाम केलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतील साखरेचा साठा, बरेच अधिक साठले, विश्रांती घेतलेल्या पायात तसे झाले नाही. रक्त तेच, आहार तोच, माणूस तोच. फरक फक्त व्यायामाचा. जीवरसायनशास्त्रात ग्लायकोजेन, लॅक्टेट आणि मायटोकाँड्रिया यांच्याविषयी पानेच्या पाने वाचावी लागतील, तेव्हा ती माहिती कुणीतरी कशी मिळवली हे पाहत वाचले तर ती लक्षात राहते.

याउलट, प्रयोग करता येत नाही तिथे किती सावध राहावे लागते, हे सार्वजनिक आरोग्याच्या भागात कळते. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. व्यायामाच्या बाजूने हा भक्कम पुरावा वाटतो. पण त्याच मॉरिस यांनी १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या आणि चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा असल्याचे दाखवले. म्हणजे त्या कामावर येणारी माणसेच मुळात थोडी वेगळी होती का, असा प्रश्न उभा राहिला. आपल्याच निष्कर्षावर असा प्रश्न उभा करणारा संशोधक मला फार मोठा वाटतो. पुढे इतर व्यवसायांतील आणि लोकसमूहांतील अभ्यासांनी शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध बळकट केला, ही गोष्ट वेगळी.

क्रीडा मानसशास्त्र, कारक (हालचालींच्या) कौशल्यांचे शिक्षण आणि आहार हे विषयही असतात. ते बहुतेकांना आवडतात, त्यामुळे त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

प्रात्यक्षिकांबद्दल मात्र सांगायला हवे. तिथे तुम्ही एक दिवस मोजणारे असता आणि दुसऱ्या दिवशी मोजले जाणारे. विंगेट चाचणीत ३० सेकंद जीव तोडून सायकल चालवल्यावर मळमळणे, लॅक्टेट (जोराच्या व्यायामात रक्तात वाढणारा पदार्थ) मोजण्यासाठी बोटातून किंवा कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त देणे, मुखवटा लावून ट्रेडमिलवर थकेपर्यंत धावणे, हे सगळे आधी संमतिपत्रावर सही करून आणि आरोग्याची प्रश्नावली भरून होते, आणि नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. उत्तम खेळाडू असण्याची अट नाही. प्रात्यक्षिकाचा बराच वेळ यंत्र जुळवण्यात जातो: ज्ञात प्रमाणाचा वायू विश्लेषकातून सोडायचा, हवेतील ऑक्सिजन २०.९३ टक्के दिसतो का ते पाहायचे, ३ लिटरच्या मोठ्या सिरिंजने हवेचा प्रवाह तपासायचा. पहिल्या वर्षाला हे फार कंटाळवाणे वाटते. पण नोकरीत खेळाडू दारात उभा असताना हेच काम चोख करावे लागते.

नोकऱ्यांविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. व्यावसायिक संघांतील जागा थोड्या असतात, त्यांसाठी बहुधा पदव्युत्तर पदवी आणि अनुभव मागितला जातो, सुरुवातीची कामे कमी पैशांची किंवा बिनपगारी असतात आणि संध्याकाळ व सुट्टीचे दिवस कामात जातात. स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचे, म्हणजे खेळाडूंची ताकद व तंदुरुस्ती वाढवण्याचे, काम करायचे असेल तर व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र वेगळे मिळवावे लागते. हृदयरोगानंतरच्या पुनर्वसनाचे कार्यक्रम, वृद्धांची व दीर्घकाळ आजारी असलेल्यांची व्यायामकेंद्रे, अध्यापन, संशोधन आणि मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या, या वाटा विद्यार्थ्यांना कमी दिसतात. तिथे शिकलेल्या गोष्टींचा उपयोग संघातल्यापेक्षा कमी होतो असे मुळीच नाही.

विद्यापीठ निवडताना एका प्रात्यक्षिकाच्या गटात किती विद्यार्थी असतात, यंत्राला विद्यार्थी हात लावतात की लांबून पाहतात, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी स्वतः मोजमापे घेता येतात की तयार आकडे मिळतात, आणि इंटर्नशिप विभाग मिळवून देतो की स्वतः शोधावी लागते, हे आताच्या विद्यार्थ्यांना विचारा. संख्याशास्त्र केवळ एका सत्रात उरकलेले दिसले तर मी त्या अभ्यासक्रमाबद्दल साशंक राहीन.

अर्ज करण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहा. फोनवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारे संथगती चित्रण सुरू करा, जागच्या जागी दहा उड्या मारा, पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या चौकटी मोजा आणि वर दिलेल्या सूत्राने प्रत्येक उडीची उंची काढा. अर्धा सेकंद टिकणाऱ्या उडीत एक चौकट चुकली तर उंचीत सुमारे अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो. सेकंदाला ३० चौकटींच्या साध्या चित्रणात तोच फरक सुमारे चार सेंटिमीटरचा होतो. दहा आकडे सारखे येणार नाहीत. त्यांतला किती फरक मोजणीचा, किती उतरण्याच्या पद्धतीचा आणि किती खरोखर पायांचा, हे शोधत बसावेसे वाटले तर निःशंक अर्ज करा, गणिताचे पाहता येईल. चौथ्या उडीलाच कंटाळा आला, तर प्रशिक्षण, क्रीडा व्यवस्थापन किंवा क्रीडा पत्रकारिता यांतूनही खेळाच्या जवळ राहता येते आणि त्यासाठी ही पदवी सहसा लागत नाही.