आजोबांच्या वस्तऱ्याला पावसाळ्यात गंज चढतो, काय करावं?

बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात भिंतींना ओल येते, तिथं कार्बन स्टीलचं पातं कसं टिकणार? आधी वस्तरा न्हाणीघरातून बाहेर काढा. तिथली वाफच निम्मं नुकसान करते.

दाढी झाली की पातं धुऊन मऊ कापडानं पाठीकडून धारेकडे पुसा, धारेवर आडवं बोट फिरवू नका. पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळ्याच्या सांध्यात पाणी अडकतं, गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो. म्हणून तासभर उघडाच ठेवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पुसून घ्या. खोबरेल नको, बेळगावच्या थंडीत ते गोठतं, शिवाय खवट होऊन चिकटतं. पुढच्या दाढीआधी तेल पुसायला विसरू नका.

चामड्याच्या म्यानात कोंबून ठेवू नका, चामडं ओल धरतं. (धार नीट करायच्या चामडी पट्ट्यावर मात्र दाढीआधी पात्याची पाठ पुढे ठेवून फिरवायचाच.) मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची असेल तर तिच्यातून निघणाऱ्या वायूनंही पातं गंजतं, तेव्हा हवेशीर जागी ठेवा.

वरवरचे डाग मेटल पॉलिशनं जातात. धारेलाच खड्डे पडले असतील तर दाढी करू नका. धार लावणाऱ्या जुन्या कारागिराला दाखवा. आणि पॉलिश पेपर? अजिबात नाही.