वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाची जुनी इमारत पाडावी का?

प्रश्न : विमानतळाजवळच्या उपनगरात आमचे स्वायत्त महाविद्यालय आहे. आवारातील दोन मजली इमारत पन्नास वर्षांची झाली असून वर्ग अपुरे पडतात, अशी प्राध्यापकांची तक्रार आहे. ती पाडून सात मजली इमारत बांधण्यासाठी एक देणगीदार पुढे आले आहेत. इमारत समितीचा सदस्य म्हणून नकाशा संमत करण्यापूर्वी मी काय पाहावे?
– एक विश्वस्त, मुंबई

उत्तर : वास्तुविशारदाने आणलेला नकाशा तूर्त बाजूला ठेवून आपण महाविद्यालयाचे वेळापत्रक मागवावे. सत्र ऐन भरात असताना एक पूर्ण आठवडा, प्रत्येक खोलीत तासातासाला प्रत्यक्ष किती विद्यार्थी बसलेले आहेत, याची शिपायांकरवी नोंद करून घ्यावी. शंभर आसनांचा वर्ग कामाच्या तासांपैकी ६० टक्के वेळ भरत असेल आणि तेव्हा त्यात सरासरी साठच विद्यार्थी असतील, तर त्या जागेचा खरा वापर अवघा ३६ टक्के ठरतो. सकाळच्या सत्रात दाटी आणि दुपारनंतर कुलपे, असे चित्र मुंबईत नवे नाही. अशा वेळी उणीव मोठ्या वर्गांची नसून वीस जणांच्या चर्चाकक्षांची, प्रयोगशाळांची आणि दोन तासिकांच्या मधल्या वेळेत बसण्याच्या जागेची असते. विरार किंवा कल्याणहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या मुलीला पुढच्या तासापर्यंत जिन्याच्या पायरीवर बसावे लागत असेल, तर सातवा मजला तिच्या काय उपयोगाचा? माझ्या मते हीच नोंद आपल्या समितीचा सर्वांत महत्त्वाचा कागद ठरेल.

यानंतर संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहावा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची अशी तपासणी बंधनकारक आहे, त्यामुळे तो आपल्या दप्तरी असायलाच हवा. सांगाडा दुरुस्त होण्यासारखा असल्यास दुरुस्ती आणि मागे एक लहान जोडइमारत, हा पर्याय समितीपुढे खर्चाच्या आकड्यांसह यावा.

सात मजल्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या भागात उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि ती कमाल उंची जोत्यापासून नव्हे, तर समुद्रसपाटीपासून मोजून दिलेली असते. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोलीही तिच्यातच बसवावी लागते. हे प्रमाणपत्र हाती येण्याआधी मजले जाहीर करू नयेत.

पावसाचा विचार नकाशातच व्हायला हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे ध्यानात ठेवून वीजमीटर, जनित्र आणि ग्रंथालयाचा साठा तळघरात ठेवण्याची सूचना आल्यास ती ठामपणे नाकारावी. काचेने मढवलेल्या दर्शनी भागाचाही आग्रह धरू नये. फोर्टमधील विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे करणारे इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आले नव्हते, तरीही त्यांनी कमानींचे खुले सज्जे आणि आच्छादित वाटा दिल्या. तिरपा पाऊस आणि पश्चिमेचे ऊन अडवणारा रुंद व्हरांडा विद्यार्थ्यांना बसायलाही उपयोगी पडतो. चढाचे मार्ग (रॅम्प) १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढापेक्षा, तीव्र नसावेत आणि प्रसाधनगृहे प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक यावीत, म्हणजे गळती शोधणे व दुरुस्त करणे सोपे जाते.

राहता राहिले देणगीदार. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला मनोरा त्यांच्या आईच्या, राजाबाईंच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा नावाची अपेक्षा गैर नाही. मात्र इमारत उभी राहिल्यावर रंग, जलरोधन, लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेचा खर्च दरवर्षी संस्थेवरच येतो व तो पुढे शुल्कातून वसूल होतो. म्हणून देणगीचा काही भाग केवळ देखभालीसाठी स्वतंत्र मुदत ठेवीत राहील आणि त्याचे फक्त व्याज वापरले जाईल, अशी अट देणगीपत्रातच लिहून घ्यावी, आणि तीही नकाशावर सही करण्यापूर्वी.