लेकराच्या मालिशला आणि चेहऱ्याला जैविक सूर्यफूल तेल चालतं का?

तुम्ही विचारलंय की नऊ महिन्यांच्या मुलीची कातडी कोरडी पडते, घरातले मोहरीचं तेल लावा म्हणतात, दुकानात ‘जैविक सूर्यफूल तेल’ दिसलं, ते तिच्या मालिशला आणि तुमच्या चेहऱ्याला चालेल का. चालतं. पण बाटलीवरचा ‘जैविक’ शब्द नंतर वाचा, तेल घाण्यातून कधी निघालं ती तारीख आधी बघा.

औसा तालुक्यात लाकडी घाण्यावर बसून एक वाक्य रोज ऐकतो: “सूर्यफुलाचं तेल पातळ, त्यात दम नाही, अंगाला घट्ट तेल पाहिजे.” हे चूक आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे चरबीचा गिलावा असतो. त्या गिलाव्याला लिनोलेइक आम्ल, म्हणजे तेलातलाच एक चरबीचा घटक, लागतं. साध्या सूर्यफूल तेलात ते ४८ ते ७४ टक्के असतं, खोबरेल तेलात जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. २०१३ साली इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांच्या हातावर ऑलिव्ह आणि सूर्यफूल तेल काही आठवडे लावून पाहिलं. ऑलिव्हनं वरचा थर कमकुवत झाला, थोडी लालीही आली. सूर्यफुलानं थर शाबूत राहिला. मोहरीबद्दल २००२ चा उंदरांवरचा प्रयोग आहे: मोहरीच्या तेलानं दुखावलेली कातडी भरून यायला उशीर लागला, सूर्यफुलानं लवकर भरली. आणि २००५ साली ढाक्याच्या दवाखान्यात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफूल तेल लावलं, तेव्हा दवाखान्यात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी दिसला. दम नाही म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आता तारखेचा एवढा आग्रह का, ते सांगतो. गेल्या चैत्रात एका घरातून तेलाची बाटली परत आली. तक्रार अशी की सुनेच्या गालावर पुरळ उठलं आणि लेकराच्या मानेला लाली आली, तेल भेसळीचं आहे. बाटली पांढऱ्या काचेची, एक लिटरची, अर्धी रिकामी. पत्र्याच्या घरात, उन्हाच्या खिडकीत दोन महिने उभी. तोंडाला तेल सुकून पिवळी चिकट साय धरलेली, नखानं खरवडली तर रबरासारखी ओढली जात होती. चार थेंब तळहातावर घेऊन चोळले तर कच्च्या बियांचा वास येण्याऐवजी ऑइल पेंटचा डबा उघडल्यासारखा वास आला. तळाशी बोटभर गाळ, आणि वरून कुणीतरी कडुलिंबाचा ओला पाला टाकलेला.

भेसळ नव्हती. तेल खवट झालं होतं. ज्या लिनोलेइकसाठी आपण हे तेल घेतो तेच हवेतला प्राणवायू सगळ्यात लवकर धरतं. ऊन, उष्णता आणि बाटलीतली रिकामी जागा ही तीन एकत्र आली की महिना-दोन महिन्यांत तेल बिघडतं, आणि बिघडलेल्या तेलातले घटक कातडीला झोंबतात. मराठवाड्यात एप्रिलमध्ये पारा ४० च्या पुढं असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. ओल्या पाल्यातलं पाणी तेलात उतरतं आणि बुरशी धरते. गाळ राहिला ही मात्र घाणेवाल्याची चूक: तेल निवळायला चार दिवस द्यायला हवेत आणि मग दुहेरी मलमलीतून गाळायला हवं. त्या घाण्यावर दुसऱ्याच दिवशी बाटल्या भरल्या होत्या.

म्हणून घाण्यावर जाऊन हे विचारा: बी या हंगामाचं आहे का, वाळवून ओल सात-आठ टक्क्यांवर आणली होती का, बी भाजलं का (भाजलेलं घेऊ नका), तेल किती दिवस निवळलं. थंडीत तेल गढूळ दिसलं तर घाबरू नका, टरफलातलं मेण गोठतं, कोमट पाण्यात बाटली ठेवली की निवळतं. तपकिरी काचेच्या २०० मिलीच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून घ्या. एक वापरात ठेवा, बाकीच्या फ्रिजमध्ये. गाळल्यापासून तीन महिन्यांत संपवा, उघडलेली बाटली पाच-सहा आठवड्यांत. औषधी तेल करायचं असेल तर पाला सावलीत कडकडीत वाळवून शंभर मिलीला दहा ग्रॅम टाका, दोन आठवडे अंधारात ठेवा, मग गाळा. उन्हात ठेवू नका.

जैविकचं म्हणाल तर, राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रमाच्या नियमात हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं रसायनं बंद ठेवावी लागतात आणि हेक्झेन हे रसायन घालून तेल काढता येत नाही. पाकिटावर ‘जैविक भारत’ची खूण बघा. हे चांगलंच आहे, माती आणि मधमाश्या दोघींसाठी, आणि मधमाशी नसेल तर सूर्यफुलाचं दाणं नीट भरत नाही. पण जैविक तेलही खवट होतं. आणखी एक: ‘हाय ओलेइक’ (म्हणजे ओलेइक हे दुसरं आम्ल जास्त असलेलं) लिहिलेली बाटली मालिशसाठी घेऊ नका. ती जात तळणाला आणि टिकण्याला उत्तम, पण तिच्यात लिनोलेइक फार थोडं उरतं, ती ऑलिव्हच्या अंगानं जाते.

मुलीला अंघोळीआधी एक चमचा, पाच मिलीच्या आसपास, पुरे. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, गॅसवर तापवू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. पायापासून वर, हलक्या हातानं, दहा मिनिटं. जांघेत आणि मानेच्या वळ्यांत साचलेलं तेल पुसून घ्या, घामानं तिथंच पुरळ येतं. कान, नाक, बेंबी यांत एक थेंबसुद्धा नको, मालिशवाल्या मावशी कितीही म्हणाल्या तरी. मोठ्या माणसाच्या पूर्ण मालिशला २५ ते ३० मिली लागतं. चेहऱ्याला रात्री धुतल्यावर, ओल्याच कातडीवर तीन थेंब. जास्त लावलं की उशी खराब होते, फायदा वाढत नाही.

आता हेही सांगायला हवं. ज्यांच्या हातापायांना गाजर गवतानं खाज सुटते त्यांनी जपून, सूर्यफूल त्याच कुळातलं आहे. कोपराच्या वळणावर थेंब लावून दोन दिवस वाट बघा. अंगावर शिबं असतील तर हे तेल नको, ती बुरशी तेलावरच वाढते. लाल, ओली, खाजरी कातडी असेल तर आधी डॉक्टर. इंग्लंडमध्येच नंतर नवजात बाळांवर अभ्यास झाला, त्यात ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोन्हींनी, तेल न लावलेल्या बाळांच्या तुलनेत, गिलाव्याची घडण थोडी मागं पडल्याचं दिसलं. म्हणून अगदी तान्ह्याला रोज तेल हवंच असं मी म्हणणार नाही. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढं गेली आहे. आणि घाणा चालवूनही सांगतो, घाण्याच्या खवट तेलापेक्षा ताजं रिफाइंड बरं.

घरात “पातळ तेल नको” म्हणून अडून बसले असतील तर तीन भाग सूर्यफुलात एक भाग तिळाचं तेल मिसळा. हात सरकायला बरं लागतं, आणि तिळातल्या घटकांमुळं तेल जास्त टिकतं. मालिशचे पंचे मात्र रोज गरम पाण्यानं साबण लावून धुवा. तेलकट पंचे बादलीत कोंबून ठेवले की आतून गरम होतात, कधी पेटही घेतात.