1791 ची बंदूक आणि आजचा खटला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती 1791 ची. तेव्हा एकेक गोळी ठासून भरायच्या बंदुका होत्या. मग शस्त्र बाळगण्याचा हक्क तेवढ्याच बंदुकांपुरता का धरत नाहीत? (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : कोर्टात हा मुद्दा टिकत नाही. बंदूक-नियंत्रणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो सोडून द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की हा हक्क व्यक्तीचा आहे, मिलिशियातल्या, म्हणजे नागरिकांच्या फौजेतल्या, चाकरीशी बांधलेला नाही. त्याच निकालात हा युक्तिवादही उडवून लावला. भाषणस्वातंत्र्य हाताने चालवायच्या छापखान्यापुरतं राहिलं नाही, तसंच शस्त्रांचंही, असं न्यायालयाचं म्हणणं. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने विजेचा झटका देणाऱ्या स्टन गनला ‘ती त्या काळी नव्हती’ म्हणून संरक्षण नाकारलं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकालही रद्द केला.

पण जुनं तंत्र चर्चेतून गेलं नाही, ते दुसऱ्या दाराने परत आलं. 2022 च्या ब्रूएन निकालाने 6 विरुद्ध 3 मतांनी नवी कसोटी घातली : आजचा निर्बंध टिकवायचा असेल तर सरकारने तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळतो हे दाखवायचं. त्यामुळे तेव्हा कोणती बंदूक होती यापेक्षा तेव्हा कोणते कायदे होते आणि बाकीचे का नव्हते, हे महत्त्वाचं ठरतं. ते समजायला ती बंदूक कशी चालायची हे माहीत हवं.

प्रश्न : चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला तीन बार काढत असं वाचलं. ते कसं शक्य होतं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कवायतीत तयार झालेला शिपाई काढत असे. त्याच्या पट्ट्याच्या पेटीत कागदी काडतुसं असत. एका पुडीत एका बाराची दारू आणि शिशाची गोळी. पुडी दातांनी फाडायची, चिमूटभर दारू रंजक म्हणून कान्याशेजारच्या (काना म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं बारीक भोक) वाटीत टाकायची आणि वाटीवर पोलादी झाकण पाडायचं. बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी आणि कागद. गज काढून गोळी तळापर्यंत ठासायची, गज जागेवर घालायचा, घोडा पूर्ण मागे ओढायचा, मग चाप. घोड्यात धरलेली गारगोटी झाकणावर घासते, झाकण उघडतं, ठिणग्या रंजकावर पडतात आणि जाळ कान्यातून आतल्या दारूला लागतो.

यात बिघडायला जागा भरपूर. कान्यात काजळी बसली की रंजक भडकते आणि बार होत नाही. वारा रंजक उडवतो, पाऊस ती भिजवतो. गारगोटीची धार वीस-तीस बारांत बोथट होते. घाबरलेला शिपाई गज नळीतच विसरतो आणि गोळीबरोबर उडवून बसतो. काळ्या दारूत सोरा सुमारे 75, कोळसा 15 आणि गंधक 10 टक्के. जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख म्हणून उरतो. ही राख नळीत चिकटून नळी अरुंद करते. म्हणून गोळी मुद्दाम सैल ठेवत : ‘ब्राउन बेस’ या ब्रिटिश सैनिकी बंदुकीची नळी 0.75 इंचाची, तर गोळी साधारण 0.69 इंचाची. सैल गोळी पटकन आत जाते, पण नेमाचं नाव नको. रायफलच्या नळीत पीळदार खाचा असतात, तिला गोळी घट्ट बसवावी लागते. म्हणून तिचा नेम चांगला, पण भरायला तेवढाच वेळ अधिक.

गारगोटी किती दगा देते याची मोजदाद इंग्लंडमध्ये 1834 मध्ये वूलिच इथे झाली. दोन्ही प्रकारांतून 6,000-6,000 बार काढले. चकमकीची बंदूक 922 वेळा फुसकी निघाली, तर गारगोटीऐवजी घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीवर चालणारी अवघी 36 वेळा.

1792 च्या मिलिशिया कायद्यातली सामानाची यादी या यंत्राला धरूनच आहे. 18 ते 45 वयाच्या धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या नागरिकाने स्वखर्चाने आणायचं : मस्केट (बिनखाचांच्या नळीची लांब बंदूक), संगीन, दोन जादा गारगोट्या आणि किमान 24 काडतुसं मावतील अशी पेटी, किंवा रायफल, तिच्या मापाच्या 20 गोळ्या आणि पाव पौंड दारू. पाव पौंड म्हणजे 113 ग्रॅम. वीस बारांत वाटली तर दर बाराला साडेपाच-पावणेसहा ग्रॅम. 24 काडतुसं मिनिटाला तीनच्या वेगाने उडवली तर आठ मिनिटांत पेटी रिकामी. या हक्काच्या काळातल्या माणसाच्या हातात एवढा दारूगोळा कायद्यालाच अपेक्षित होता.

प्रश्न : त्या काळीही लागोपाठ गोळ्या सुटणाऱ्या बंदुका होत्या, म्हणून घटनाकारांना आजच्या मॅगझिनची (बंदुकीला जोडायच्या गोळ्यांच्या पेटीची) कल्पना होतीच, असं बंदूक-समर्थक सांगतात. हे खरं का? (वाचक, पुणे)

उत्तर : बंदुका होत्या, हे खरं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र ओढूनताणून आणलेला आहे. तीन उदाहरणं नेहमी येतात.

जेम्स पकल याने 1718 मध्ये लंडनला पेटंट घेतलं : तिपाईवरची चकमकीची तोफवजा बंदूक, मागे फिरतं चाक, दर बाराला चाक पुढे सरकवायचं. 1722 मध्ये पावसात तिने सात मिनिटांत 63 बार काढून दाखवले. पण ती फारशी कोणी घेतली नाही.

जोसेफ बेल्टनने 1777 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला एकदा ठासून आठ बार काढणारी मस्केट देऊ केली. काँग्रेसने मे महिन्यात अशा 100 बंदुका करायला मंजुरी दिली. त्याने अवाच्या सवा मोबदला मागितल्यावर त्याच महिन्यात ती मागे घेतली.

तिसरी सर्वांत देखणी : ऑस्ट्रियाची गिरार्दोनी हवेची रायफल, साधारण 1780 ची. नळीच्या बाजूला वीसेक गोळ्यांची नळकांडी, दस्त्याच्या जागी हवेची टाकी. धूर नाही, आवाज कमी, आणि पहिल्या गोळ्यांना चांगला जोर. पण टाकी हातपंपाने भरायला सुमारे 1,500 झटके लागत. चामड्याचे वायसर ओले ठेवले नाहीत तर हवा गळे. आणि हवा संपत आली की गोळीही मंदावे. 1815 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानेही ती काढून टाकली. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या 1803 नंतरच्या मोहिमेत हवेची रायफल होती. बहुतेक अभ्यासक ती गिरार्दोनीच मानतात. लुईस वाटेतल्या आदिवासी टोळ्यांपुढे ती मुद्दाम चालवून दाखवत असे. लोक थक्क होत, म्हणजे ती घरोघरी नव्हती हे उघड आहे.

कारागिराने एक नग घडवणं आणि तशी बंदूक गावोगाव विकली जाणं यांत फार अंतर आहे. ते कमी व्हायला कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचं 1836 चं पेटंट यावं लागलं, मग धातूचं काडतूस आणि 1860 ची सोळा गोळ्यांची हेन्री रायफल. कायदा समाजात पसरलेल्या वस्तूवर होतो, पेटंटवर नाही. टेनेसीने 1879 मध्ये लष्करी नमुना सोडून बाकी पिस्तुलांची विक्री बंद केली, आर्कान्साने 1881 मध्ये तसंच केलं. थॉम्सन सबमशीनगन 1921 ला बाजारात आली. केंद्राचा मशीनगनवरचा 200 डॉलरचा कर 1934 चा.

प्रश्न : मग 1791 च्या आसपास बंदुकीवर निर्बंधच नव्हते का? (वाचक, ठाणे)

उत्तर : होते, आणि बरेचसे दारूवर होते. न्यूयॉर्कच्या 1784 च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी 28 पौंडांपेक्षा जास्त दारू ठेवायची नाही, आणि तीही चार भांड्यांत विभागून. बोस्टनसाठी 1783 मध्ये भरलेली बंदूक घरात, तबेल्यात किंवा कोठारात आणायला मनाई झाली, कारण आग विझवायला गेलेल्यांच्या अंगावर ती उडे. हेलरच्या खटल्यात याच कायद्यावरून न्यायाधीशांत मतभेद झाला. बहुमताने तो आगीपुरता मानला. विरोधी मतात मात्र घरातल्या बंदुकीवर निर्बंध घालण्याचा तो दाखला ठरला.

ज्या कायद्यांची उणीव आज दाखवली जाते, ती कशामुळे होती ते बघा. ठासलेली बंदूक आठवडाभर खुंटीवर टांगून ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. दारू ओल धरते, नळीतली राख हवेतलं पाणी ओढून गंज चढवते. म्हणून ती सहसा रिकामी असे. रागाच्या भरात हाती आली तरी ठासेपर्यंत राग निवळायला किंवा समोरच्याला पळायला वेळ मिळे, आणि एका बारानंतर ती दांडक्यासारखीच. अशा समाजात कायदा करणाऱ्याला अमुक गोष्टीचं भय वाटलं नाही, तर ती गोष्ट त्याला मान्य होती असं म्हणता येत नाही. ब्रूएननेही नाट्यमय तांत्रिक बदलाच्या प्रकरणी तारतम्याने बघावं लागेल असं म्हटलं आहे. 2024 च्या रहीमी निकालात, 8 विरुद्ध 1 मताने, जुन्या कायद्याची हुबेहूब नक्कल नको, त्यामागचं तत्त्व जुळलं तरी चालेल, हे अधिक स्पष्ट झालं. मार्च 2025 मध्ये नवव्या सर्किटने, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, कॅलिफोर्नियाची दहाहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवरची बंदी 7 विरुद्ध 4 मतांनी कायम ठेवली. त्यातही दारूच्या साठ्याचे जुने कायदे आधाराला आले.

प्रश्न : कोकणात डुकरं-माकडांसाठी ठासणीची बंदूक ठेवायला परवाना लागतो, निवडणुकीत ती ठाण्यात जमा करावी लागते. अमेरिकेत म्हणे तिला बंदूकच धरत नाहीत? (वाचक, राजापूर)

उत्तर : केंद्रीय कायद्यापुरतं ते बरोबर आहे. 1968 च्या कायद्याने 1898 किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं, आणि काळ्या दारूवर चालणारी, आजचं काडतूस न घेणारी ठासणीची नवी बंदूकही त्याच सदरात येते. तिच्या विक्रीला केंद्राची पार्श्वभूमी-तपासणी लागत नाही, आणि शिकारी-हौशींना अशा शस्त्रांसाठी 50 पौंडांपर्यंत काळी दारू बाळगता येते. राज्यं मात्र आपापले नियम करतात. न्यू जर्सीत ठासणीच्या रायफलीलाही ओळखपत्र लागतं.

आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा बंदुकीचं वय पाहत नाही. पुराणवस्तू म्हणून सूट फक्त अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. पणजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर सापडली आणि तिचा घोडा अजून पडत असेल, तर तिला परवाना हवा. परवाना नसेल तर ती घेऊन आधी पोलीस ठाणं गाठा, गंज काढायच्या भानगडीत पडू नका. आणि नळीत जुना बार राहिला आहे का, हे स्वतः गज घालून, ठोकून कधी तपासू नका. कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षांनीही पेट घेते.