विनोदी अद्भुतकथेचा दुसरा भाग

प्रश्न : माझ्या कादंबरिकेत भविष्यवाणीतला नायक पळून जातो आणि ड्रॅगन राज्याचा हिशेब सांभाळतो. दुसऱ्या भागात हेच विनोद शिळे वाटतात. काय चुकतंय?

उत्तर : पहिल्या भागात तुम्ही अद्भुतकथेचा संकेत, म्हणजे वाचकाच्या सवयीचा ठरलेला साचा, उलटवलात, आता तो उलटा साचाच तुमच्या जगाचा नियम झाला आहे. ड्रॅगनने खतावणी उघडली की वाचक हसणार नाही, कारण ते त्याला अपेक्षितच आहे. त्या नियमाचे परिणाम लिहा. थकबाकीदार कोण? ड्रॅगनच्या स्वतःच्या खजिन्याचं लेखापरीक्षण कोण करणार? नायक पळाल्यावर भविष्यवाणी रद्द होते, की दुसऱ्याच्या गळ्यात पडते? हा तिसरा प्रश्न सगळ्यात कसदार आहे. कथानक त्यावरच उभं करा.

विनोदी अद्भुतकथा लिहिणारे इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतल्या ‘द लाइट फँटॅस्टिक’ (१९८६) या दुसऱ्या भागातला कोहेन पाहा. रानटी योद्धा म्हातारा झालाय, दात पडलेत, पाठ धरते. पण लढाईत तो खरोखरच भारी आहे. चेष्टा वयाची होते, कौशल्याची नाही, म्हणून पात्र टिकतं. तुमचा नायक प्रत्येक बाबतीत नालायक असेल तर दोन प्रकरणांतच कंटाळा येईल.

मागची गोष्ट सारांशाने सांगू नका. पहिल्या तीन-चार पानांत भांडणातून येऊ द्या. एका प्रसंगात एकच संकेत उलटवा, आणि त्याआधी तो अगदी सरळ, गंभीरपणे मांडा. संकट मात्र खरं हवं. कुणाचंच काही बिघडणार नसेल, तर विनोदालाही धार येत नाही.